अल्विनच्या सहा बिया

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सकाळी अल्विन डिरीन माझ्या मागच्या दाराशी आला, एक पाकीट माझ्यापुढे धरलं आणि म्हणाला, "सहा आहेत. तुझ्या त्या कपाटात लाव."

उघडून बघितलं तर भोपळ्याच्या बिया. अंगठ्याच्या पेराएवढ्या, पांढऱ्या, जाड. त्याच्या भोपळ्याच्या.

"मला? मला कशाला?"

"लाव म्हणतोय ना. आणि कोणाला सांगू नकोस." एवढं बोलून तो कुंपणाच्या फटीतून आपल्या अंगणात गेलासुद्धा.

हे किती विचित्र होतं ते कळायला अल्विन माहीत असायला हवा. वय अठ्ठ्याहत्तर, सगळी उमर सफरचंदाच्या वखारीत गेलेली. ह्यूऑन नदीच्या आमच्या काठावर मार्चमध्ये प्रदर्शन भरतं, तिथे राक्षसी भोपळ्याचं पहिलं बक्षीस अकरा वेळा त्याचं. मागच्या खेपेचा भोपळा चारशे बारा किलोंचा होता, उचलायला वखारीतलं यंत्र आणावं लागलं. आणि इतक्या वर्षांत या माणसानं कोणाला एक बी दिली नव्हती. प्रदर्शन संपलं की भोपळा घरी न्यायचा, शेडचं दार आतून लावून कापायचा आणि एकेक फोड बोटांनी चाचपून, तिच्यात बी नाही ना हे बघूनच गाईंना घालायचा. एकदा होबार्टहून एक बाई आली होती, चांगली शिकलेली, नम्र. एकच बी मागत होती. अल्विन तिला म्हणाला, "भोपळा हवा तर दुकानात मिळतो."

असा माणूस सहा बिया देतो. न मागता.

माझ्याकडेच का, याचं उत्तर मी माझ्या परीनं दिलं. मी शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं काढली, पण गावात माझी ओळख आहे ती धुण्याच्या खोलीतल्या कपाटामुळे. त्यात गरम पाण्याची टाकी आहे आणि तिच्यावर एक फळी. ऑगस्टमध्ये, आमच्या ऐन थंडीत, बाहेर चिखल गोठलेला असतो तेव्हा माझ्या त्या फळीवर टोमॅटो, मिरच्या, वांगी कोंब काढून बसलेली असतात. लोक म्हणतात, नेरिडाच्या कपाटात झाडूचा दांडा ठेवला तरी त्याला पानं फुटतील. मला हे ऐकायला आवडतं. त्यामुळे त्या सकाळी मी जरा फुगले, हे खरं.

अकरा वाजता ग्लेनिस आली. ग्लेनिस माझी नणंद. तिचा भाऊ अठरा वर्षांपूर्वी ऊन खायला क्वीन्सलंडला गेला तो तिकडचाच झाला, बहीण मात्र माझ्याकडे ठेवून गेला. रोज चहाला येते. कोणाला सांगू नकोस म्हणाला होता, पण पाकीट टेबलावरच पडलेलं. तिनं आत डोकावलं आणि बिस्किट खाली ठेवलं.

"अल्विननं दिल्या? आपल्या अल्विननं?"

"हो."

"मग उकडून दिल्या असतील."

"काहीतरीच काय!"

"काहीतरीच कसं? तू विचार कर. बायकांच्या मंडळात तू गेल्या वर्षी काय म्हणालीस? पुढच्या वर्षी मीही मोठा भोपळा लावून बघते म्हणालीस. त्याच्या कानावर गेलं. आता तू दुसरीकडून बी आणशील, त्यापेक्षा त्यानं आपलीच गळ्यात मारली. तू बसशील कोंबाची वाट बघत. तोवर नोव्हेंबर. संपलं तुझं."

"म्हाताऱ्याला एवढी अक्कल नाही गं."

"अकरा बक्षिसं बिनअकलेची मिळतात होय?"

मी हसून सोडून दिलं. पण ती गेल्यावर एक बी उजेडात धरली, वास घेतला, नखानं दाबून बघितली. काही कळलं नाही. बाहेरून जिवंत बी आणि मेलेली बी सारखीच दिसते.

चार बिया लावायच्या, दोन राखून ठेवायच्या, असं ठरवलं. नखं घासायच्या कानशीनं कडा हलक्या हातानं घासल्या, म्हणजे जाड टरफलातून पाणी आत जातं. तीन तास कोमट पाण्यात ठेवल्या. दुधाच्या रिकाम्या खोक्यांत चाळलेली माती भरली, टोक खाली करून बी बोटाच्या दोन पेरांइतकी खोल टोचली आणि चारही खोकी फळीवर ठेवली. शेजारी माझ्या नेहमीच्या करड्या भोपळ्याची दोन खोकी ठेवली, खायच्या भोपळ्याची. फळीवर थर्मामीटर असतोच. अठ्ठावीस. याहून चांगलं अंथरूण भोपळ्याला कुठलं मिळणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवायला लाकडं आणायला बाहेर आले तर अल्विन कुंपणाशी उभा.

"आलं का?"

"अरे, काल तर लावल्या."

"हो. हो, काल." आणि गेला.

तिसऱ्या दिवशी पुन्हा. "आलं का?" चौथ्या दिवशी पुन्हा. एरवी हा माणूस आठवड्यातून एकदा मान हलवायचा, तीही माझ्याकडे बघून की माझ्यामागच्या टेकडीकडे ते कळायचं नाही. आता रोज सकाळी तारेला हात लावून उभा, आणि प्रश्न एकच. मी नाही म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल व्हायचं. मला तर वाटलं, त्याला बरं वाटतंय.

पाचव्या दिवशी माझ्या करड्या भोपळ्यांनी दोन्ही खोक्यांत मान वर काढली. त्याच्या चारांत काही नाही. सातव्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. आणि त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की अल्विननं आपल्या काचघराच्या सगळ्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवली आहेत. ऑक्टोबरात! या दिवसांत रोपांना उन्हाचा एकेक कवडसा हवा असतो आणि हा उजेड बंद करतो?

"बघ," ग्लेनिस म्हणाली, "आत त्याची रोपं गुडघ्याएवढी झाली असतील. तुला दिसू नयेत म्हणून कागद."

दहाव्या दिवशी मी चमच्यानं माती उकरली. चारही बिया होत्या तशाच, फक्त बुळबुळीत झालेल्या. दाबल्यावर पू आल्यासारखा गर बाहेर आला. मग राखलेल्या दोनांतली एक घेतली आणि भाजीच्या सुरीनं उभी चिरली. शेजारी माझ्या भोपळ्याची एक बी चिरून ठेवली. माझी आतून बदामासारखी पांढरीशुभ्र. त्याची पिवळट, कडेला तपकिरी.

मी ती दोन अर्धुकं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. राग आला. सहा बियांचं काही नाही. पण मी कपाटाचं दार दिवसातून वीस वेळा उघडत होते, आणि हा रोज कुंपणावर येऊन माझी गंमत बघत होता.

त्या रागात मी ठरवलं की याचं तोंड बघायचं. चोराला पकडायचं तर त्याला नको असलेली बातमी द्यायची.

दुसऱ्या दिवशी तो आलाच. "आलं का?"

"आले," मी म्हटलं. "चारच्या चार. हिरवेगार."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. हातानं तार घट्ट धरली.

"चारही?"

"चारही. आज दुसरं पान दिसतंय."

"तुझ्या कपाटात. माझ्या बिया."

"मग काय माझ्या? तूच दिल्यास ना?"

त्यानं तार सोडली. मग म्हणाला, "बरं झालं. बरं झालं, नेरिडा." आणि वळला. दाराच्या पायरीला त्याचा पाय अडखळला.

मला हवं होतं ते मिळालं. बिया मेलेल्या आहेत हे ज्याला माहीत, तोच त्या उगवल्याचं ऐकून असा पांढरा पडेल. अकरा वाजता मी ग्लेनिसला सगळं सांगितलं, चिरलेली बीसुद्धा दाखवली. तिनं चहा अर्धा ठेवला. मला वाटलं, घरी काही काम असेल. ती बेकरीत गेली होती.

गाव लहान आहे. दोन दिवसांत सगळ्यांना कळलं की अल्विन डिरीननं शेजारणीला उकडलेल्या बिया दिल्या. पुढच्या गुरुवारी मी पाव आणायला गेले तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, "काय नेरिडा, आज उकडलेलं काही देऊ?" सगळे हसले, मीही हसले. शिंपल्यांचं सारण भरलेला पॅटिस गरम करून घेतला आणि घरी येऊन मजेत खाल्ला. शुक्रवारी कोणीतरी अल्विनच्या टपालपेटीत उकडलेल्या भोपळ्याची फोड ठेवून गेलं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तो ती बाहेर काढताना दिसला. हातात धरून तिच्याकडे बघत राहिला, रस्त्याकडे बघितलं, मग आत नेली.  करावं तसं भरावं लागतं, असं स्वतःला सांगितलं आणि भांडी घासली.

कुंपणाशी मात्र तो पुन्हा आला नाही.

शनिवारी सकाळी काच ठेवल्याचा आवाज आला. बघते तर अल्विन काचघराच्या काचा एकेक काढून रस्त्याच्या कडेला रचत होता. पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं, 'फुकट. घेऊन जा.' काचांजवळ त्याची गरम गादी, रोपांखाली विजेवर लावतात ती, आणि पाणी घालायच्या दोन झाऱ्या.

पुरावा नष्ट करतोय, माझ्या मनात पहिलं हेच आलं. आणि मग, झारी कसला पुरावा? मी एप्रन न काढताच कुंपणाच्या फटीतून पलीकडे गेले.

अर्ध्या काचा निघाल्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. फळ्यांवर कुंड्या होत्या, ओळीनं, आठ आठच्या पाच ओळी. प्रत्येक कुंडीत लाकडी पट्टी, तिच्यावर पेन्सिलीनं तारीख. पहिली तारीख बारा सप्टेंबर, शेवटची तीस. आणि चाळीसही कुंड्यांत नुसती माती. काळी, नीट दाबलेली, ओली, रिकामी माती.

"हे काय?" मी विचारलं.

"काय ते दिसतंय की." त्यानं काच खाली ठेवली. "चाळीस लावल्या. एक आली नाही. कोणाला दिसू नये म्हणून काचांना कागद लावले. मी म्हटलं, बी खराब असेल. पण खात्री कशी करायची? गावात उगवायचा हात तुझा. तुझ्याकडे नाही आल्या तर बी वाईट. तुझ्याकडे आल्या तर..." त्यानं आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले, जाडजूड, बोटं वाकडी झालेली. "तर हे गेले. तुझ्या चारातल्या चार आल्या, नेरिडा. बी तीच, पाकीट तेच. मग राहिलं काय?"

खरं सांगते, तेव्हाही माझ्या डोक्यात एक किडा वळवळलाच की हाही डाव असेल. कुंड्यांत मुद्दाम नुसती माती भरली असेल. इतका तो संशय माझ्यात मुरला होता. मी चक्क जवळच्या कुंडीत बोट घातलं. बोटाला बी लागली. बुळबुळीत.

"आणि हेही सांग," तो म्हणाला, "माझ्या टपालपेटीत कोणी उकडलेला भोपळा का ठेवतं? मी म्हटलं, कोणी जेवण आणून दिलं असेल. पण मीठही नव्हतं त्यात."

मला जमिनीत जावंसं वाटलं.

"अल्विन, माझेही आले नाहीत."

"असं नको करूस."

"खरंच आले नाहीत. एकही नाही."

"दया नको, बाई. मी म्हातारा आहे, पण एवढा नाही."

तो विश्वास ठेवायलाच तयार नव्हता. कितीही सांगितलं तरी त्याला वाटे, मी त्याची समजूत घालतेय. शेवटी मी त्याची बाही धरून त्याला ओढत माझ्या धुण्याच्या खोलीत आणलं आणि कपाटाचं दार उघडलं. चार रिकामी खोकी. शेजारी माझे दोन करडे भोपळे तरारलेले. खिडकीत बशीवर ती चिरलेली बी अजून होती, वाळून वाकडी झालेली.

त्यानं चष्मा कपाळावर नेला आणि एकेक खोकं उचलून बघितलं. मग बी बघितली. बशी परत खिडकीत ठेवली. 

"मग चार आल्या असं का सांगितलंस?"

"तुझं तोंड बघायला."

"माझं तोंड?"

"मला वाटलं, तू उकडून दिल्यास. खोटं सांगितलं तर तू दचकशील. तू दचकलास."

त्यानं मान हलवली, समजल्यासारखी. "आणि हे तू गावाला सांगितलंस."

"ग्लेनिसला."

"म्हणजे गावाला." त्यानं चष्मा खाली घेतला. "नऊ दिवस, नेरिडा. नऊ दिवस मी सकाळी उठून हातांकडे बघतोय. चहाचा कप धरताना बघतोय."

तो गेला.  दुपारी मी रस्त्याच्या कडेच्या काचा एकेक करून त्याच्या अंगणात परत नेऊन ठेवल्या. त्यानं बघितलं, पण दार उघडलं नाही. गरम गादी तोवर कोणीतरी नेली होती.

रविवारी मी बेकरीत गेले. रविवारी तिथे गर्दी असते. ग्लेनिसही होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अल्विननं बिया उकडल्या नव्हत्या. त्याच्या स्वतःच्या चाळीस मेल्या. खोटं मी बोलले, त्याच्याशी आणि तुमच्याशी."

 मग मागून कोणीतरी म्हणालं, "काय दिलं त्यानं तुला?"

"काही नाही दिलं."

"मग एवढं का बोलतेस?" म्हणत ग्लेनिस माझा दंड धरून बाहेर घेऊन गेली आणि कुजबुजली, "धमकी दिली का गं त्यानं? मला सांग. मी कोणाला बोलणार नाही."

त्या क्षणी कळलं की खोटं एकदा सांगितलं तर पुरतं, खरं मात्र दहादा सांगूनही पुरत नाही.

सोमवारी मी अल्विनचं दार वाजवलं आणि उघडेपर्यंत वाजवत राहिले. त्यानं उघडलं. ये म्हणाला नाही, नको म्हणाला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. मला एकच गोष्ट उलगडत नव्हती की सेहेचाळीस बिया एकदम मरतात कशा? दोघांच्या हाताखाली? मी विचारलं, "सुकवल्यास कुठे?"

"जिथे तीस वर्षं सुकवतो तिथे." त्यानं शेगडीवरच्या फळीकडे बोट केलं. फळीवर अजून जाळीची चौकट होती.

शेगडी नवी होती, काळी, काचेच्या दाराची. एप्रिलमध्ये त्याची मुलगी रॉझलिन लॉन्सेस्टनहून आली होती, तिनं जुनी धुरकट शेगडी काढून ही बसवून दिली होती. मी उठले आणि फळीवर हात ठेवला. दोन मोजायच्या आत काढून घ्यावा लागला.

"अल्विन, इथे हात ठेव."

"काय झालं?"

"ठेव तर."

त्यानं ठेवला आणि काढला. पुन्हा ठेवला. ओल्या बिया एप्रिलच्या सगळ्या थंडीत त्या फळीवर होत्या. त्या वाळल्या नव्हत्या, भाजल्या होत्या.

तो खुर्चीत बसला. आणि हसायला लागला, आवाज न करता, खांदे हलवत. डोळे पुसले. "म्हणजे तुझी ग्लेनिस बरोबरच होती की. थोडी इकडेतिकडे."

"मागच्या वर्षीच्या आहेत का बिया? त्याच्या मागच्या?"

त्याचं हसू थांबलं. "नाहीत."

"एकही नाही?"

"लागतील तेवढ्या ठेवायचो. उरलेल्या दरवर्षी शेगडीत घालायचो. घरात असत्या तर कोणी नेल्या असत्या."

तीस वर्षांची ती जात, अकरा बक्षिसांची, त्या शेगडीत संपली होती. काही त्यानं मुद्दाम घातल्या, काही नकळत. मी ते बोलले नाही. त्यालाही कळलंच होतं. तो फळीकडे बघत होता.

"अ‍ॅथलकडे असतील," मी म्हटलं.

अ‍ॅथल वूली नदीपलीकडे राहतो. अल्विनच्या अकराही बक्षिसांना दुसरा तोच होता. अल्विन त्याचं नाव घेत नाही, 'पलीकडचा' म्हणतो.

"पलीकडचा मला देईल?"

"मागून तर बघ. मी गाडी काढते."

अ‍ॅथल शेडमध्ये होता, ट्रॅक्टरखाली. बाहेर आला, अल्विनला बघितलं आणि हातातला पाना खाली ठेवला नाही.

"मागच्या जानेवारीत माझ्या भोपळ्याला भोक कोणी पाडलं?"

"उंदरानं पाडलं असेल," अल्विन म्हणाला.

"उंदराचं नाव अल्विन होतं का?"

"तुझ्या भोपळ्याला भोक पाडायची मला कधी गरज पडली नाही, अ‍ॅथल. वीस वर्षांत नाही पडली."

मी मध्ये पडले आणि सगळं सांगितलं. शेगडी, चाळीस कुंड्या, माझं खोटं. अ‍ॅथल ऐकत होता, पण डोळे बारीक करून. मी संपवल्यावर म्हणाला, "यात खरी चाल कुठली ते शोधतोय."

"चाल नाही," अल्विन म्हणाला. "बिया संपल्या. तुझ्या दे."

"माझ्या बिया घेऊन मलाच हरवणार?"

"प्रयत्न करीन."

अ‍ॅथल एकदम मोठ्यांदा हसला. "हे मात्र खरं बोललास." आत गेला आणि चहाच्या डब्यातून दोन बिया आणल्या. दोनच. अल्विननं त्या उजेडात धरल्या, उलट्यासुलट्या केल्या, वास घेतला. आभार मानले की नाही ते मला आठवत नाही.

परत येताना पुलावर तो म्हणाला, "फार सहज दिल्या. काहीतरी गडबड आहे."

"अल्विन!"

"नुसतं म्हणतोय."

ऑक्टोबर संपत आला होता. बिया माझ्याच कपाटात लावायच्या ठरल्या, कारण त्याची गादी गेली होती. पण यावेळी कानस त्यानं स्वतः फिरवली, मातीही स्वतःची आणली आणि खोक्यांवर आपल्या हातानं सही केली.  रोज सकाळी तो यायचा, पण कुंपणावर नाही, सरळ धुण्याच्या खोलीत. मी 'अजून नाही' म्हटलं तरी कपाट उघडून बघितल्याशिवाय जायचा नाही.

सातव्या दिवशी सकाळी मी दार उघडलं तर एका खोक्यात माती फुगून तडकली होती आणि दुसऱ्यात पांढरी जाड मान वाकून बाहेर आली होती. मी फोन लावला.

"आलं."

 "येऊन बघतो," तो म्हणाला.

घरातल्या चपलांत आला, केस विस्कटलेले. गुडघे टेकून बसला आणि चष्मा काढून नाक मातीपर्यंत नेलं.

"हे तुझ्या खायच्या भोपळ्याचं कशावरून नाही?"

मी टोकावर अजून अडकलेलं टरफल दाखवलं, अंगठ्याच्या पेराएवढं. त्यानं एक बोट ओलं केलं आणि टरफलाला हलकेच लावलं, निघतंय का ते बघायला. निघालं नाही, म्हणून त्यानं ते तसंच राहू दिलं. बोट थरथरत नव्हतं. ते मी बघितलं, आणि मी बघतेय हे त्यानं बघितलं.

नोव्हेंबरच्या मध्यावर दोन्ही रोपं त्याच्या शेणखताच्या वाफ्यात गेली. एक वाऱ्यानं मोडलं, दुसरं चाललं. मार्चमध्ये अ‍ॅथल पहिला आला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि अल्विन त्याच्या अकरा किलो मागे दुसरा. अ‍ॅथल दिवसभर लोकांना विचारत फिरत होता की म्हातारा मुद्दाम तर हरला नाही ना.

बेकरीत अजूनही काहीजण त्या बियांचा विषय काढतात आणि माझ्याकडे बघून गालात हसतात. ग्लेनिसला मी आता हवापाण्याखेरीज काही सांगत नाही. तिला वाटतं, मी काहीतरी लपवतेय.

प्रदर्शनानंतरच्या बुधवारी अल्विन आला. मोठ्या ताटलीत धुतलेल्या बिया होत्या, ओल्या, चकाकणाऱ्या.

"तुझ्या खिडकीत वाळव. शेगडीपासून लांब."

"सगळ्या? माझ्याकडे ठेवतोस?"

"तीनशे चार आहेत."

"मोजल्यास?"

"दोनदा," तो म्हणाला, आणि ताटली माझ्या हातात दिली.